द्वि-आत्मिक अस्मिता, बालचित्रकादंबऱ्यांतील
उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांमध्ये ज्या व्यक्ती केवळ पुरुष किंवा केवळ स्त्री या दोन कोटींत बसत नाहीत आणि ज्यांच्या या वेगळेपणाला त्या त्या समाजाच्या परंपरेत नाव, काम व स्थान होते, अशा व्यक्तींना उद्देशून ‘द्वि-आत्मिक’ (टू-स्पिरिट) ही संज्ञा वापरली जाते. ही संज्ञा प्राचीन नाही. १९९० साली कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या परिसरात भरलेल्या मूलनिवासी समलिंगी स्त्रीपुरुषांच्या तिसऱ्या वार्षिक मेळाव्यात ती स्वीकारण्यात आली. ओजिब्वे भाषेतील ‘नीझ मनिडोवाग’ हा तिचा प्रतिशब्दही तेव्हापासूनच रूढ झाला. तत्पूर्वी मानवशास्त्रीय ग्रंथांतून ‘बर्दाश’ हा फ्रेंच शब्द सर्रास योजला जाई. त्याचे मूळ बंदिवान वा गुलाम या अर्थाच्या फार्सी शब्दात असल्याने तो अपमानकारक ठरला. झूनी लोकांतील ‘ल्हामाना’, नॅव्हाहो लोकांतील ‘नाडले’, लकोटा लोकांतील ‘विंक्ते’, क्रो लोकांतील ‘बाते’ ही नावे जुनी असून ती परस्परांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकीमागचा विधी, पोशाख आणि कामाची वाटणी निराळी आहे. ‘द्वि-आत्मिक’ हे या सर्वांवरील छत्र आहे आणि छत्राखालील माणसे एकसारखी दिसू लागतात, हा त्याचा दोष तीत सामील असलेल्यांनीही मान्य केला आहे. मराठी वाचकाने तर आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. ‘आत्मा’ हा शब्द आपल्याकडे वेदान्ताचे ओझे घेऊन येतो. ‘मनिडू’चा अर्थ त्यापेक्षा चैतन्य किंवा गूढ शक्ती याच्या जवळ जाणारा आहे. तसेच हिजडा वा जोगती यांच्याशी द्वि-आत्मिकांची तुलना उद्बोधक असली, तरी समीकरण मांडणे चुकीचे ठरेल.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुलांसाठी व कुमारांसाठी काढलेल्या चित्रकादंबऱ्यांत व चित्रपुस्तकांत ही अस्मिता प्रकट होऊ लागली. पुस्तके संख्येने थोडी आहेत. परंतु त्यांचे महत्त्व संख्येवरून मोजता येत नाही, कारण या व्यक्तींची चित्रे काढण्याचा इतिहास त्याआधीच चार शतकांचा होता आणि ती चित्रे बहुतांशी परक्यांनी काढलेली होती.

ह्या इतिहासाकडे दुर्लक्ष करून नव्या पुस्तकांचे मोल ठरविता येत नाही. टेओडोर द ब्राय याने १५९१ मध्ये फ्लॉरिडातील टिमुकुआ लोकांवरील जी ताम्रपटचित्रे प्रसिद्ध केली, त्यांतील एकात रुग्णांना व शिधासामग्रीला वाहून नेणारे लांब केसांचे ‘उभयलिंगी’ दाखविले आहेत. १५९४ च्या त्याच्या दुसऱ्या एका चित्रात पनामातील अशा लोकांवर बाल्बोआ हा स्पॅनिश सरदार शिकारी कुत्रे सोडताना दिसतो; ही घटना १५१३ ची. १८३० नंतरच्या दशकात जॉर्ज कॅटलिन या अमेरिकन चित्रकाराने सॉक व फॉक्स जमातींमधील एका नृत्याचे चित्र रंगविले. स्त्रीवेषातील व्यक्ती मध्यभागी आणि भोवती योद्धे, अशी त्याची रचना आहे. ही प्रथा अधिक तपशिलाने नोंदली जाण्यापूर्वीच नष्ट व्हावी, अशी इच्छा कॅटलिनने लिहून ठेवली. जे चितारले ते पुसले जावे असे चित्रकारालाच वाटावे, हा प्रकार कलेच्या इतिहासात विरळा म्हणावा लागेल.

छायाचित्रणाच्या काळात झूनी जमातीतील वेवा (१८४९–९६) या विणकर व कुंभारकामात निष्णात असलेल्या ल्हामानाची छायाचित्रे काढली गेली. १८८६ मध्ये वेवाने वॉशिंग्टनमध्ये सुमारे सहा महिने मुक्काम केला, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची भेट घेतली आणि राजधानीतील उच्चभ्रू वर्तुळात ‘झूनी राजकन्या’ म्हणून लौकिक मिळविला. मानवशास्त्रज्ञ मटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन यांनाही बराच काळ वेवा ही स्त्रीच वाटत होती. याच सुमारास दडपशाही वाढत होती. क्रो जमातीच्या राखीव प्रदेशात एका सरकारी अधिकाऱ्याने बाते व्यक्तींना पकडून त्यांचे केस कापविले व पुरुषी कपडे घालावयास लावले आणि जमातीच्या प्रमुखाने त्या अधिकाऱ्यास प्रदेश सोडावयास भाग पाडले, अशी आठवण क्रो लोकांत सांगितली जाते. कॅनडातील निवासी शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० नंतरच्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले ठेवली गेली. तेथे प्रवेशाच्या दिवशीच केस कापले जात, मुलगे व मुली वेगवेगळ्या दालनांत विभागले जात, सख्ख्या भावंडांनाही परस्परांशी बोलण्याची बंदी असे. जी मुले दोन्हींपैकी कोणत्याच दालनाची नव्हती, त्यांच्यासाठी तिसरे दालन नव्हते. केस, पोशाख, दालन या तीन गोष्टी पुढील विवेचनात पुन्हा येणार आहेत, कारण चित्रकादंबरीला ज्या साधनांनी पात्र उभे करावे लागते ती हीच होत.

चित्रकथा या माध्यमाचा स्वतःचा इतिहासही अनुकूल नव्हता. अमेरिकेतील चित्रकथा-प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या आचारसंहितेनुसार समलिंगी वा तत्सदृश वर्तनाचा सूचक उल्लेखही निषिद्ध होता. ती अट १९८९ मध्ये शिथिल झाली. मूलनिवासी पात्रे असत, पण ती पिसांचा मुकुट घातलेली, तुटक इंग्रजी बोलणारी आणि कथानायकाच्या मागून चालणारी. मूलनिवासी चित्रकारांनी हे माध्यम हाती घेतल्यावर चित्र पालटले. मायकल निकल याहगुलानास यांची रेड : अ हायडा मांगा (२००९) ही कृती चौकटींच्या सरळ रेषांऐवजी हायडा चित्रशैलीतील जाड काळ्या वळणांनी पृष्ठ विभागते. द्वि-आत्मिकतेशी तिचा संबंध नाही. परंतु कथेची चौकटच आपल्या परंपरेतून घडविता येते, हे तिने दाखवून दिले.

प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे ताशा स्पिलेट यांनी लिहिलेली व नताशा डॉनोव्हन यांनी चितारलेली सर्व्हायव्हिंग द सिटी ही कुमारांसाठीची मालिका (तीन भाग, २०१८–२४). स्पिलेट या क्री व त्रिनिदादी वंशाच्या असून मालिका विनिपेगच्याच हायवॉटर प्रेसने प्रसिद्ध केली. कथाही त्याच शहरात घडते. ज्या परिसरात संज्ञा जन्मली, तेथील रस्त्यांवर तीस वर्षांनंतरची एक पिढी तिचा अर्थ शोधताना दाखवावी, हा योग अर्थपूर्ण आहे. मीक्वान ही अनिशिनाबे मुलगी आणि डेझ ही इनिन्यू (क्री) व्यक्तिरेखा यांची मैत्री हा कथेचा कणा. मीक्वानची आई बेपत्ता आहे. कॅनडातील बेपत्ता व खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांच्या प्रश्नावर राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१९ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात द्वि-आत्मिक व्यक्तींचा समावेश स्त्रियांच्या बरोबरीने केलेला आहे. ही मालिका त्याच काळाची आहे. पहिल्या भागात डेझच्या आजीचे आजारपण वाढते, डेझला तिच्यापाशी राहता येणार नाही असे सांगण्यात येते. परक्या वसतिगृहात जावे लागण्याच्या भीतीने डेझ घरी परतत नाही आणि मीक्वानची जुनी जखम उघडी पडते.

ह्या भागात द्वि-आत्मिकतेचा विषय अग्रभागी नाही. तथापि दुसरा भाग वाचून पहिल्याकडे परतल्यास एक तपशील निराळा दिसू लागतो. दोघींनी आपला ‘बेरी-उपवास’ एकत्र पूर्ण केला, एवढी त्यांची मैत्री जवळची, असे आरंभीच कळते. बेरी-उपवास हा मुलगी वयात आल्यावर करावयाचा विधी आहे. सुमारे वर्षभर ती बेरीची फळे खात नाही आणि त्या काळात वडीलधाऱ्या स्त्रियांकडून स्त्रीत्वाची शिकवण घेते. पहिल्या भागात हा विधी मैत्रीची खूण म्हणून येतो. दुसरा भाग वाचल्यावर जाणवते की, तोच विधी डेझच्या बाबतीत एका निश्चित दालनात केलेला प्रवेशही होता. लेखिकेने हे कोठेही सांगितलेले नाही. पूर्वयोजना असो वा नसो, मालिकेतील सर्वांत सखोल गुंफण हीच आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फ्रॉम द रूट्स अप (२०२०) या दुसऱ्या भागात आजीचे निधन झाले आहे. डेझचे वास्तव्य वसतिगृहात आहे. एक नवे प्रेमसंबंध जुळत आहेत आणि त्याबरोबरच आपण द्वि-आत्मिक आहोत ही जाणीवही पक्की होत आहे. मीक्वानचे लक्ष शाळेत नव्याने आलेल्या रीएल या मुलाकडे आहे; मैत्रिणीचे दुःख तिला नीट उमगत नाही. कथेतील खरा पेच मात्र जेराल्डिन या वयोवृद्ध मार्गदर्शक स्त्रीच्या वाट्याला येतो. प्रेअरी प्रदेशातील अनेक समारंभांत स्त्रियांनी घागरा घालावा, स्त्री-पुरुषांच्या जागा व कामे ठराविक असावीत, असे दंडक पाळले जातात. जेराल्डिन याच दंडकांत वाढली. डेझविषयी तिला माया आहे, पण ज्याला ती धर्म समजते त्यालाच डेझच्या असण्याने प्रश्न विचारला जातो.

येथे ही कादंबरी एका अवघड ठिकाणी पोहोचते. द्वि-आत्मिकांविषयीचे लोकप्रिय लेखन बहुधा असे मांडते की, युरोपीय येण्यापूर्वी सर्वत्र सन्मान होता, दुष्टावा बाहेरून आला आणि परंपरेकडे परतले की सर्व ठीक होईल. पण डेझच्या मार्गात उभी असलेली व्यक्ती मिशनरी नाही, सरकारी अधिकारी नाही; ती परंपरा जपणारी, जिच्यामुळे परंपरा उरली अशी आजीच्या वयाची बाई आहे. ती जे जपते आहे त्यात मूळचे किती आणि शाळांनी व चर्चने शिकविलेले किती, हे तिला सांगता येत नाही. कोणालाच ते निश्चितपणे सांगता येणार नाही. नष्ट होता होता वाचविलेली गोष्ट माणूस घट्ट धरून ठेवतो आणि तीत ढवळाढवळ त्याला सहन होत नाही. ही मनःस्थिती समजण्यास कोण्या परदेशी समाजाचा अभ्यास लागत नाही. जेराल्डिनला खलनायिका न करता तिच्याही भीतीला जागा देणे, हे स्पिलेट यांचे यश.

उणीव आहे ती विस्ताराची. शंभरापेक्षा कमी पृष्ठांत शोक, प्रेम, वसतिगृह, मैत्रीतील दुरावा आणि समाजाचे पुनर्शिक्षण एवढे सर्व मावत नाही. पेच जितक्या प्रामाणिकपणे उभा राहतो तितक्या प्रामाणिकपणे सुटत नाही. वडीलधाऱ्यांच्या मनात पालट कसा झाला याचे चित्र हवे तेथे त्याचे निवेदन मिळते. शिकविण्याची घाई हा बालसाहित्याचा जुना रोग असून तो सर्व भाषांत आढळतो.

चित्रांच्या बाबतीत मात्र घाई दिसत नाही. डॉनोव्हन यांच्या पृष्ठांवर विनिपेगच्या बसथांब्यांत, फुटपाथांवर, शाळेच्या आवारात जिवंत माणसांच्या मागे पूर्वजांच्या व हरवलेल्या स्त्रियांच्या आकृती फिकट रंगांत उभ्या असतात. तशाच धोक्याच्या ठिकाणी अमानुष, काळपट आकृतीही लगटून येतात. पात्रे त्यांच्याविषयी बोलत नाहीत. शब्दांनी ज्याचा उच्चार केला असता तर भाबडेपणा आला असता, ते चित्राने निमूटपणे केले आहे. कॅटलिनच्या चित्रात मध्यभागी उभ्या असलेल्या व्यक्तीभोवती बघ्यांचे व चेष्टेखोरांचे कडे होते. येथे डेझभोवती आप्तांचे कडे आहे. द्वि-आत्मिकता म्हणून काही एक विशेष चिन्ह, प्रभावळ किंवा पिसांची सजावट डेझला दिलेली नाही. साधी शहरी वेषभूषा, शाळकरी शरीर. या संयमाला महत्त्व आहे, कारण वेवासारख्या ऐतिहासिक व्यक्तींच्या गौरवातून एक नवाच साचा घडण्याची भीती असते : द्वि-आत्मिक म्हणजे ज्ञानी, वैद्य, पुरोहित. जे मूल यांपैकी काहीच नाही, ज्याला गणित जमत नाही आणि राहावयास घर नाही, त्याला तो साचा उपयोगाचा नाही.

वी आर द मेडिसिन (२०२४) या तिसऱ्या भागात पात्रे शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षात आहेत. ब्रिटिश कोलंबियातील कॅमलूप्स येथील जुन्या निवासी शाळेच्या आवारात मुलांची दफने असल्याची वार्ता त्यांच्यावर कोसळते. ही वार्ता मे २०२१ मधील. भूभेदी रडारने केलेल्या पाहणीवरून प्रथम २१५ हा आकडा जाहीर झाला. पुढे तो सुमारे २०० संभाव्य दफने असा दुरुस्त करण्यात आला. कादंबरी पहिल्या धक्क्याच्या क्षणाशी प्रामाणिक राहते. कुमारांच्या हाती ती देताना शिक्षकाने पुढची दुरुस्तीही सांगणे इष्ट, कारण शाळांनी केलेल्या हानीचा पुरावा त्या एका आकड्यावर अवलंबून नाही. द्वि-आत्मिकतेचा प्रश्न या भागात मागे सरतो. एका दृष्टीने ही प्रगतीच होय, कारण डेझला आता स्वतःचे स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही.

लहान मुलांसाठीची पुस्तके चित्रकादंबरीपेक्षा चित्रपुस्तकाच्या वळणाची आहेत. कोजा व एंजल अडेयोहा यांच्या ४७,००० बीड्स (२०१७) मध्ये पेटन या मुलाला पाऊवाऊ मेळाव्यात मुलींचा पोशाख घालून नाचणे नको वाटते आणि एक मावशी निराळ्या पोशाखाची व्यवस्था करते. मण्यांच्या त्या कामात अनेकांचे हात लागतात, ही कल्पना सुंदर आहे. मार्टी विल्सन-ट्रूडो यांनी आपला मुलगा फीनिक्स विल्सन यांच्या सहकार्याने लिहिलेले फीनिक्स गेट्स ग्रेटर (२०२२) हे अनिशिनाबे कुटुंबाचे पुस्तक प्रेमळ आहे, पण त्यात फारसा संघर्ष नाही. हवाई बेटांतील कापाएमाहू (२०२२) हे मूळ २०२० च्या ॲनिमेशन लघुपटावरून केलेले द्विभाषिक पुस्तक या संदर्भात आवर्जून उल्लेखावे लागते. त्यातील ‘माहू’ ही पॉलिनीशियन कोटी असल्याने तिला द्वि-आत्मिक म्हणणे योग्य नाही. ताहितीहून आलेल्या चार माहू वैद्यांच्या स्मरणार्थ वाइकीकीच्या किनाऱ्यावर चार प्रचंड शिळा स्थापण्यात आल्या, अशी ही कथा. १९४१ मध्ये त्या शिळांवर एक क्रीडागृह बांधले गेले. १९६३ मध्ये ते पाडल्यावर त्या पुन्हा उघड्या झाल्या, पण स्थळावरील फलकांतून वैद्यांचे माहू असणे गाळले गेले. डॅन्येल सूझा यांची मातकट व अग्निवर्णी चित्रे भव्य आहेत. तरीही मौज अशी की, पुराणकथेच्या भव्यतेत मुलांना विस्मय मिळतो, सोबत मिळत नाही. सोबत डेझकडून मिळते.

समीक्षेपुढील एक प्रश्न वर्गीकरणाचा आहे. ग्रंथालये व पारितोषिक-समित्या या पुस्तकांना पाश्चात्त्य समलिंगी-पारलिंगी साहित्याच्या कप्प्यात ठेवतात. क्री कवी जॉशुआ व्हाइटहेड यांना २०१८ मध्ये त्यांच्या काव्यसंग्रहासाठी लॅम्डा पारितोषिकाच्या पारलिंगी काव्य विभागात नामांकन मिळाले, तेव्हा आपण द्वि-आत्मिक आहोत आणि ती जागा आपली नव्हे, असे सांगून त्यांनी नाव मागे घेतले. पुढे २०१९ मध्ये त्यांच्या जॉनी ॲपलसीड या कादंबरीला दुसऱ्या विभागात तेच पारितोषिक लाभले. शाळांतील तिसऱ्या दालनाचा अभाव असा पुरस्कारांच्या यादीतही उमटतो. दुसरा प्रश्न अधिक निकडीचा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२१ पासून शालेय ग्रंथालयांतील पुस्तकांवर आक्षेप घेण्याची लाट आली. लिंगभावविषयक एक आत्मचरित्रात्मक चित्रकृती, माया कोबाबे यांची जेंडर क्वीअर, सलग तीन वर्षे अमेरिकन ग्रंथालय संघाच्या आक्षेपग्रस्त पुस्तकांच्या यादीत अग्रस्थानी होती. चित्र हे शब्दापेक्षा चटकन दिसते. संदर्भावाचून एकच पृष्ठ उचलून सभेत दाखविणे सोपे असते. ज्या गुणामुळे चित्रकादंबरी मंदगतीने वाचणाऱ्या मुलापर्यंत पोहोचते, त्याच गुणामुळे तिच्यावर बंदीची मागणीही लवकर पोहोचते.

ह्या कृती मराठीत आणावयाच्या झाल्यास एक निराळीच अडचण उभी राहते. क्री व ओजिब्वे भाषांत नामांची विभागणी सचेतन व अचेतन अशी असून तृतीय पुरुषी सर्वनामाला स्त्री-पुरुष भेद नाही. इंग्रजीत सर्वनामापुरता तो भेद येतो, पण ‘मी’ बोलू लागले की नाहीसा होतो. डेझच्या तोंडचे फुगे त्यामुळे इंग्रजीत मोकळे राहू शकतात. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकते. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरविल्याखेरीज भूतकाळातील कित्येक साधी वाक्येही लिहिता येत नाहीत. लहान पेटनच्या बाबतीत ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द व ‘ते’ हे सर्वनाम सहज चालून जाते, आपण घराघरांत तसे बोलतोच. पंधरा-सोळा वर्षांच्या डेझला ‘ते’ म्हटले तर एक तर आदरार्थी बहुवचन वाटते, नाही तर अवहेलना. प्रस्तुत नोंदीत पहिल्या भागातील विधीच्या उल्लेखात ‘दोघींनी’ असा स्त्रीलिंगी प्रयोग केला, तो त्या विधीच्या स्वरूपामुळे. अन्यत्र डेझसाठी सर्वनाम टाळले आहे आणि वाक्ये त्या मानाने अवघडली आहेत. अनुवादकाला शेकडो फुग्यांत हे टाळणे शक्य नाही. ‘मला यायचंय’, ‘मला कळलं’, ‘माझं ठरलंय’ अशा कर्त्याचे लिंग न सांगणाऱ्या रचना बोलीत विपुल आहेत आणि त्यांच्या आधारे बराच पल्ला गाठता येईल. जेथे त्या संपतात तेथे डेझने एखाद्या पृष्ठावर ‘आलो’ आणि पुढच्या पृष्ठावर ‘आले’ म्हणणे हा मार्ग उरतो. मुद्रितशोधक त्याला चूक समजून दुरुस्त करणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी लागेल.